मल्लिनाथच्या फुलपात्रातलं पाणी

सव्वा महिना झाला. दुपारी जेवून आडवा झालो होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे सुवर्णा होती, मल्लिनाथची मुलगी. "काका," ती म्हणाली आणि थांबली. एक श्वास आत घेऊन सोडावा, एवढंच. मग म्हणाली, "अप्पा गेले." त्या थांबण्याला कुणी हुंदका समजू नये. हुंदका मला ओळखता येतो. सुवर्णा लग्न होऊन आमची वस्ती सोडून गेली त्याला बावीस वर्षं झाली. होटगी रस्त्याला तिचं घर आहे, शाळेत शिकवते. तरी बोलता बोलता ती मधेच थांबते... तिच्या लहानपणी जिथे ठोका पडायचा, तिथे. फोन कानाला धरून मीही थांबलो होतो, आणि नेमका त्याच क्षणी. तो ठोका बंद होऊन सतरा वर्षं उलटली आहेत.

मल्लिनाथवर लिहावं असं सुवर्णानं मला सांगितलेलं नाही. उलट, हे छापून आल्यावर ती वाचेल की नाही, याचीही मला खात्री नाही. पण मी आता एक्क्याऐंशी वर्षांचा आहे आणि हे लिहिल्याशिवाय गेलो, तर एका माणसाच्या नावावर जे चिकटलं आहे, ते तसंच राहील.

अक्कलकोट रस्त्याला, शहर संपतं तिथे आमचा कारखाना होता. नाव सांगत नाही. मालक बदलले, पत्रे उतरले, आता तिथे गोदामं आहेत. लोक त्याला 'गाडीचा कारखाना' म्हणायचे. प्रत्यक्षात त्यातून एकही गाडी कधी बाहेर पडली नाही. आम्ही इंजिनाच्या पोटात फिरणारा दांडा घडवायचो, ज्याला क्रँक म्हणतात. लालभडक कांब भट्टीतून यायची, लहान हॅमर तिला आकार द्यायचे आणि शेवटचा ठोका मोठ्या हॅमरचा असायचा. वीस मोजेपर्यंत एक ठोका. वर्षातला एक दिवस सोडला तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत, वीस मोजले की एक. लहान हॅमरचे आवाज भिंतीच्या आतच राहायचे. मोठ्याचा मात्र आधी तळपायाला कळायचा आणि मग कानाला.

कारखाना आला तेव्हा भोवती माळ होता. मग कामगार आले, त्यांच्या मागून किराणा दुकान, खानावळ, पिठाची गिरणी आली. कापड गिरण्या बंद पडल्यावर शहरातली विणकर घरं स्वस्त जागेसाठी आपले माग उचलून इकडे आली. वस्तीला कागदावर काहीतरी नगर म्हणून नाव होतं. कुणी घेत नसे. सगळे हॅमरवस्ती म्हणायचे. तिथल्या मांडणीवर भांड्यांखाली जुन्या चादरीच्या पट्ट्या असायच्या. देवांच्या तसबिरी वरून आणि खालूनही तारेनं बांधलेल्या असायच्या. चहा ओतायचा तो दोन ठोक्यांच्या मधे. दाढी करताना न्हावी अचानक वस्तरा उचलून धरायचा आणि म्हणायचा, "हलू नका साहेब. येऊन जाऊ द्या त्याला." 'त्याला' म्हणायचा, जसं कुणी दारावरून जाणार आहे. लग्नात भटजी अक्षता उधळायच्या आधी हात वर करून थांबायचे. शाळेत पोरं पाढे म्हणायची तेव्हा पन्नास तोंडं एकदम मिटायची आणि एकदम उघडायची. बाहेरून बदलून आलेल्या एका मास्तरला ते बघून पहिल्याच दिवशी घाम फुटला होता. मागावरच्या टॉवेलवर ठरावीक अंतरानं एक बारीक आडवी रेघ यायची. डोळ्याला दिसत नसे, बोटाला लागायची. बाजारातले व्यापारी घडीवर बोट फिरवून सांगायचे, हा हॅमरवस्तीचा माल.

मल्लिनाथ त्या मोठ्या हॅमरवर होता. अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला, घरात कन्नड, बाहेर मराठी, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, अंगानं किडकिडीत. ज्याच्या पायाखालच्या पट्टीवर एवढं धूड खाली यायचं, तो माणूस असा असेल असं कुणाला वाटत नसे. पाहुणे आले की मी त्याला मुद्दाम बोलवायचो. तो खिशातून भुईमुगाची एक शेंग काढायचा, ऐरणीवर ठेवायचा आणि पाय टेकवायचा. हॅमर सरसरत खाली यायचा, टक्क असा आवाज व्हायचा आणि परत वर जायचा. टरफल फुटलेलं असायचं, दाणे शाबूत. पाहुण्यांच्या हातावर दाणे ठेवून तो म्हणायचा, "खावा की. आमच्या हॅमरनं सोललेले हायत." एखादी गाडी रस्त्याकडेला इंजिन चालू ठेवून उभी दिसली, तर जाता जाता तिच्या बॉनेटवर तळहात टेकवायचा, डोळे मिटायचा आणि मला म्हणायचा, "आतला दांडा आपला हाय साहेब." किंवा, "न्हाय, दुसऱ्या कुणाचा तरी." ड्रायव्हर शिव्या घालायचे. मी हसायचो. पण ते तो थट्टेनं करत नव्हता, हे मला आत कुठेतरी ठाऊक होतं.

आता एका शेंदराच्या रेघेकडे येतो.

मोठ्या हॅमरची ऐरण जमिनीवर बसलेली नसते. तिच्याखाली खोल खड्डा असतो आणि त्यात जाड लाकडी ठोकळे रचलेले असतात. ठोक्याचा मार ते लाकूड पितं. लाकूड कुजलं किंवा चेपलं, तर तो मार जमिनीत भलतीकडे पळतो. म्हणून वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हॅमर बंद करून खड्ड्यावरची लोखंडी झाकणं उघडायची, आत उतरून ठोकळे तपासायचे, झाकणं बसवायची, आणि दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी दोन झाकणांच्या सांध्यावर आडवी, तेलातल्या शेंदराची रेघ ओढायची, अशी माझ्या आधीच्या फोरमननं पद्धत लावली होती. पुढच्या वर्षी झाकण उघडलं की रेघ तुटायची. तुटली म्हणजे माणूस आत उतरला. साधी गोष्ट.

त्या वर्षी माल पाठवायची घाई होती. मी झाकणं उघडलीच नाहीत. खंडेनवमीला सकाळी नारळ फुटला, हार घातला आणि मल्लिनाथ शेंदराची वाटी घेऊन खड्ड्यापाशी उकिडवा बसला. खाली गेल्या वर्षीची रेघ होती. काळी पडलेली, पण अखंड. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"साहेब, उघडला न्हाई की."

"दिवाळीत उघडू," मी म्हणालो. "तू ओढ रेघ."

त्यानं जुन्या रेघेवर नवी ओढली. मी कार्यालयात जाऊन तपासणीच्या कागदावर 'खड्डा पाहिला, ठोकळे ठीक' असं लिहिलं आणि सही केली. दिवाळी आली आणि गेली.

पौषात एक दिवस चहाच्या सुट्टीत, हॅमर बदली माणसाकडे सोपवून, मल्लिनाथ मला ओढतच घरी घेऊन गेला. त्याचं घर कारखान्याच्या भिंतीला लागून होतं. पलीकडच्या खोलीत व्यंकटेश नावाच्या विणकराचे दोन माग होते. व्यंकटेशची आई लक्ष्मम्मा दिवसभर भिंतीशी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. शाळेतून आली की सुवर्णा तिच्याजवळ जाऊन बसायची, तिला अम्मा म्हणायची, तेलुगू गाणी शिकायची. आम्ही गेलो तेव्हा दोघी तिथेच होत्या. लक्ष्मम्मा म्हणाली, "साब, हे तुमचा हॅमर जरा हळू मारायला सांगा ना. माझा दात एकच राहिला." सुवर्णा खिदळली. मल्लिनाथनं मला आत बसवलं, पितळी फुलपात्र काठोकाठ भरलं आणि भिंतीजवळच्या एका फरशीवर ठेवलं.

"बघा की."

ठोका पडला. पाण्यावर वलयं उठली. अशी वलयं त्या वस्तीत प्रत्येक भांड्यात उठायची, मधून निघून काठाला जायची. ही तशी नव्हती. सगळं पाणी एका बाजूला सरकलं, लक्ष्मम्माच्या भिंतीकडे. कुणी बोलावल्यासारखं. पुन्हा वीस मोजले. पुन्हा तसंच.

"काय दिसतंय साहेब?"

मला स्पष्ट दिसलं होतं. खड्डा उघडायचा तर हॅमर थांबवावा लागला असता, आणि हॅमर थांबला असता तर मी आधी का उघडला नाही, हे कुणीतरी विचारलं असतं. मी उठलो. म्हणालो, "ट्रक गेला असेल."

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठल्यावर दहा-बारा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला लक्ष्मम्माच्या पाठीमागची भिंत आत कोसळली. दगडमातीची भिंत होती. कांड्यांच्या टोपलीसकट ती खाली सापडली. सुवर्णा शाळेत होती. मी धावत गेलो तेव्हा धूळ अजून खाली बसत होती आणि व्यंकटेश उघड्या हातांनी दगड उपसत होता. मल्लिनाथही त्याच्याबरोबर उपसत होता. हॅमर बंद केलेला होता... तरी ते दोघं मधेमधे हात थांबवत होते. एकाच वेळी.

मग वरचे साहेब आले. खड्डा उघडला गेला. एका बाजूचे ठोकळे भुसा होऊन चेपले होते. साहेबांनी माझा कागद हातात धरून विचारलं, "चार महिन्यांपूर्वी तुम्ही हे पाहिलं होतं ना?" मी हो म्हणालो. "तेव्हा ठीक होते?" मी हो म्हणालो. मग उरलं एकच कारण. ठीक असलेलं लाकूड चार महिन्यांत चेपलं, तर चालवणाऱ्यानंच ठोका नको इतका जोरात टाकला असणार. मल्लिनाथ दाराशी उभा होता. शेंदराची गोष्ट तो सांगू शकला असता. पण जुन्या रेघेवर नवी ओढणारा हात त्याचाच होता, आणि त्याच्या मनानं त्यात आपलाही वाटा धरला असावा. तो एवढंच म्हणाला, "मी शेंगंचा दाणा फोडत न्हाय साहेब... म्हातारीला कशाला मारीन?"

शेंगेचा खेळ त्या खोलीतल्या प्रत्येकानं पाहिला होता. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

त्याला हॅमरवरून काढून भंगार उचलायच्या कामावर टाकलं. वस्तीनं वेगळी शिक्षा दिली. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. त्याच्याशी बोलताना लोक ठोका यायची वाट बघायचे आणि ठोक्याच्या आडोशानं निघून जायचे. तो बोलायला थांबला की समोर माणूस नसायचा. न्हावी त्याची दाढी करेना. व्यंकटेश त्याच्या उंबऱ्याच्या आत आला नाही तो नाहीच, आणि सुवर्णानं बापाशी बोलणं टाकलं. दहा वर्षांची पोर. एकदा मी तिला विचारलं, तर म्हणाली, "अप्पांनी अम्माला मारलं." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरी आलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम कुठलं असं कुणी विचारलं, तर मी सही म्हणणार नाही. हे म्हणेन.

पुढच्या खंडेनवमीला मल्लिनाथ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "साहेब, घरी या. पाणी प्यायला." मला नाही म्हणता आलं नाही. त्यानं सतरंजी टाकली, फुलपात्र भरलं आणि त्याच फरशीवर ठेवलं. नवे ठोकळे बसवले होते, पाणी सरळ हलत होतं. "काय दिसतंय?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "काही नाही." त्यानं ते पाणी स्वतः पिऊन टाकलं, माझ्यासाठी दुसरा पेला आणला, कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली आणि पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. आवाजात काही नव्हतं, ना राग, ना टोमणा. पुढे दरवर्षी हेच. मी नोकरीतून निवृत्त झालो तरी बोलावणं चुकलं नाही. नोकरी जाईल म्हणून मी गप्प राहिलो होतो. नोकरी संपली, आणि मग गप्प राहायला कारणही उरलं नाही, तरी राहिलो.

सतरा वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला. हॅमर गॅसनं कापून, तुकडे करून, लांबलचक ट्रेलरवर घालून नेला. वस्तीतली माणसं रांगेनं उभी राहून बघत होती. ट्रेलर गेल्यावर त्या जागी भर दिवसा शांतता झाली, आणि बायाबापड्या दार लावून आत बसल्या. त्या शांततेत प्रत्येक घरातलं बोलणं वीस मोजले की थांबत होतं. दुपारी पोरं झोपेनात. एका म्हातारीनं तर तसबिरींच्या तारा अजून घट्ट केल्या.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी गेलो. फुलपात्र फरशीवर होतं. मी मनात मोजत होतो. वीसला पाणी सरकलं. भिंतीकडे, एका बाजूला. आता ती भिंत विटांची होती आणि बाहेर कारखान्याच्या जागी कुसळं उगवली होती. पुन्हा मोजलं. पुन्हा सरकलं.

"काय दिसतंय साहेब?"

"ट्रक गेला असेल, मल्लिनाथ."

तो हसला. "बरं," म्हणाला आणि पाणी पिऊन टाकलं.

मरणाच्या पंधरा दिवस आधी त्यानं मला बोलावून घेतलं. सुवर्णा त्याला बघायला अधूनमधून यायची. मोठेपणी तिनं त्याच्याशी बोलणं सुरू केलं होतं, पण कामापुरतं. तो खाटेवर होता, हाडांचा सापळा. "खंडेनवमी लांब हाय," तो म्हणाला, "...म्हणून आत्ताच बोलवलो." सुवर्णानं न सांगता फुलपात्र भरून फरशीवर ठेवलं. ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्यानं डोळे मिटूनच विचारलं. मी म्हणालो, "मोतीबिंदू झालाय रे. नीट दिसत नाही." त्यानं तळहात भिंतीला टेकवला. मग म्हणाला, "मला तर मिटल्या डोळ्यांनी दिसायलंय की." त्या दिवशी ते पाणी तो पिऊ शकला नाही. तसंच राहिलं.

त्याच्या समाजात मृताला बसवून मूठमाती देतात. खड्ड्यात मांडी घालून, भस्म लावून मल्लिनाथ बसला होता, हॅमरसमोर असायचा तसाच, जमिनीकडे कान देऊन. माती लोटायला सुरुवात झाली. वस्तीतले जुने सात-आठ जण होते. माझ्या शेजारच्याचा मातीनं भरलेला हात हवेत थांबला. मी वर बघितलं. सगळ्यांचे थांबले होते. माझाही. एक श्वास... आणि मग माती पडली.

दिवसकार्य झाल्यावर सुवर्णा खोली आवरत होती. मी सतरंजीवर बसलो होतो. व्यंकटेश उंबऱ्याबाहेर उभा होता, नेहमीप्रमाणे. तोही आता साठी ओलांडलेला. सुवर्णानं सवयीनं फुलपात्र भरून फरशीवर ठेवलं आणि म्हणाली, "हे तुमाला द्यायला सांगितलंय अप्पांनी. जाताना न्या." एवढं बोलून ती थांबली. आम्ही तिघंही थांबलो. पाणी सरकलं.

सुवर्णानं ते बघितलं. चेहरा जरा उतरला, मग तिनं हात झटकला. "ट्रक गेला असंल," ती म्हणाली.

माझंच वाक्य होतं. हॅमर गेल्यापासून खंडेनवमीला माहेरी आली की ती ते माझ्या तोंडून ऐकत आली होती.

"नाही गं," मी म्हणालो. "ट्रक नाही."

मग सांगितलं. वर लिहिलं आहे ते सगळं, त्याच क्रमानं. खड्डा मी उघडला नव्हता. कागद खोटा होता आणि सही माझी होती. मल्लिनाथनं आधी येऊन दाखवलं होतं आणि मला दिसलं होतं. त्याच्या पायाखालून एकही ठोका कधी चुकीचा पडला नाही. मी सांगत असताना वीस मोजले की थांबत होतो, आणि तेही थांबत होते.

"अप्पांना ठाऊक होतं?" सुवर्णानं विचारलं.

"सगळं."

"मग इतकी वर्षं तुमाला पाणी कशाला देत होते?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की त्या क्षणी ओरडली असती तर बरं झालं असतं. व्यंकटेशनं चपला काढल्या. उंबरा ओलांडून तो आत आला, भिंतीपाशी गेला, विटांवर हात फिरवला आणि फरशीजवळ खाली बसला. फुलपात्राकडे बघत राहिला. बऱ्याच वेळानं, आपल्या आईशी बोलावं तसा, तेलुगूत काहीतरी पुटपुटला. त्यात मल्लिनाथचं नाव होतं.

मी निघताना फुलपात्राला हात लावला, तर सुवर्णा म्हणाली, "राहू द्या ते." मी राहू दिलं.

ते अजून त्या खोलीत, त्याच फरशीवर आहे. रोज सकाळी माग सुरू करायच्या आधी व्यंकटेश कुलूप काढून आत जातो, ते काठोकाठ भरतो आणि थोडा वेळ बसतो, असं कळलं. यंदाच्या खंडेनवमीला मला कुणी बोलावणार नाही. मी जाणार आहे. त्यांनी आत घेतलं, तर फरशीजवळ बसेन, वीस मोजेन, आणि काय दिसतंय असं कुणी विचारलं नाही तरी सांगेन.